स्विचपेटीतला इग्वाना

१

एलादिओ आजोबा गेले तेव्हा मी बंदराजवळच्या हॉटेलात होते. पोहण्याच्या तलावाच्या कडेला गुडघे टेकून इग्वानांची, म्हणजे घोरपडीएवढ्या हिरव्या सरड्यांची, घाण खरवडत होते. फोन वाजला. रेमान्सो वृद्धाश्रमात काम करणारी केइश्ला बोलत होती. बोलत कसली, नुसती हुंदके देत होती.

"नेरे, लाइट गेली. आजोबांचं श्वासाचं यंत्र बंद पडलं. मी काहीच करू शकले नाही गं."

"आता कसे आहेत?"

"गेले. अ‍ॅम्ब्युलन्स यायच्या आधीच गेले." मग आवाज एकदम बारीक झाला. "स्विचपेटीत इग्वाना सापडलाय. जळालेला."

रेमान्सोत इग्वाना येऊ न देणं हे माझं काम होतं. खाडीकडच्या बांधातली बिळं मी बुजवायचे. खांबांना आणि आंब्याला गुळगुळीत पत्रा गुंडाळलेला होता, छपरावर येणाऱ्या फांद्या तोडलेल्या होत्या, पिंजरे लावलेले होते. पोर्तो रिकोत या जनावरामुळे वीज गेली नाही असा महिना जात नाही. त्यामुळे पेटीत इग्वाना निघाला म्हटल्यावर पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. चूक कुणाची, हे ठरलेलंच असतं.

आणि त्याच घरात, एलादिओ आजोबांच्या समोरच्या खोलीत, माझी आई राहत होती.

मी पोचले तेव्हा साडेचार व्हायला आले होते. परसात घरदुरुस्तीवाला फ्रेदो उभा होता. मला बघून तो थुंकला.

"ये, बाई, ये. तुझी झाडावरची कोंबडी बघ, तुझा इग्वाना. आत शिजून तयार आहे."

मागच्या भिंतीवरच्या पेटीचं दार उघडं होतं. आतलं झाकण काढलेलं, तांब्याच्या पट्ट्या उघड्या, आणि त्यांच्यावर तो आडवा पडलेला. दोन-अडीच फुटांचं लहान जनावर. पाठीचा मागचा भाग कोळशासारखा झालेला, कुशीवरचा एक पट्टा सोललेला. जळक्या मांसाचा वास सगळ्या परसात भरला होता.

सालिनासच्या ठाण्यातल्या सार्जंट इलुमिनादा रोके दहा पावलं लांब उभ्या होत्या, रुमाल नाकाला. पन्नाशीच्या, धिप्पाड बाई. दोन गुंडांना एका हाताने धरून आणलेलं मी स्वतः पाहिलं होतं. आता मात्र त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"मेलाय ना नक्की?"

"मेलाय, सार्जंट."

"मग न्या तो इथून. मला या प्राण्याकडे बघवत नाही. लहानपणी एक माझ्या केसांत पडला होता."

मी हातमोजे चढवून त्याला उचललं. उचललं आणि तशीच थांबले.

चौतीस डिग्रीची दुपार. भिंतीला हात लावला तर चटका बसत होता. आणि माझ्या हातातलं ते जळालेलं जनावर पोटाखाली गार लागत होतं.

मी कुणाला काही बोलले नाही. त्याला गाडीकडे नेलं, मागचं दार ओढून घेतलं, सुरी काढली आणि पोट चिरलं.

आत बर्फ होता.

२

सालिनासमध्ये मेलेले इग्वाना गोठवून ठेवणारं माणूस एकच आहे. मी.

कचऱ्याचा ट्रक फक्त शुक्रवारी येतो. तोवर एवढ्या उन्हात मेलेली जनावरं कुठे ठेवणार? रेमान्सोच्या परसातल्या शेडमध्ये माझा एक जुना फ्रीझर आहे. जागा मिग्दालियाबाईंनीच दिली होती. शेडची किल्ली तिघांकडे: माझ्याकडे, फ्रेदोकडे आणि बाईंकडे.

मी त्या इग्वानाचं डोकं चाचपलं. डोळ्यामागे छर्‍याचं भोक होतं. माझ्याच बंदुकीचं. सोमवारी मीच त्याला बांधावर मारलं होतं. मेलेला इग्वाना चालत पेटीत जात नाही. तो कुणीतरी ठेवला होता. आणि ठेवणारं माणूस म्हणून बोट दाखवायचं झालं तर पहिलं बोट माझ्याकडेच वळणार होतं.

त्याला फेकून द्यावं, खाडीत टाकावं आणि गप्प बसावं, हा विचार माझ्या मनात आला. खोटं कशाला सांगू. निष्काळजी ठरले असते, काम गेलं असतं, पण तुरुंग टळला असता. मग आईचा चेहरा डोळ्यांसमोर आला. ज्याने हे केलं तो त्या घरात ये-जा करतो आणि आई तिथेच झोपते.

मी जनावर प्लास्टिकमध्ये गुंडाळून बर्फाच्या पेटीत घातलं आणि आईला बघायला आत गेले.

आई झोपली होती. दुपारी मी कधीही जावं तर ती झोपलेलीच असायची. तोंड उघडं, श्वास जड. मी तिच्या उशाशी बसले.

मिग्दालियाबाई आत आल्या. रेमान्सोच्या मालकीण. दोन वर्षांपूर्वी आईला अर्धांगवायू झाला, मी दारोदार फिरत होते, कुणी तिला ठेवून घेईना. या बाईंनी एक शब्द न विचारता खाट दिली होती. आज त्यांचे केस ताजे सेट केलेले होते आणि डोळे रडून सुजले होते. मला त्यांनी छातीशी धरलं.

"पोरी, स्वतःला दोष देऊ नकोस. देवाची इच्छा. मी कुणाला तुझ्याविरुद्ध एक शब्द बोलू देणार नाही."

मला रडूच फुटलं.

"ते जनावर कुठे आहे?" त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. "दे माझ्याकडे, मी पुरून टाकते. तुला अजून किती त्रास."

"टाकलं मी," मी म्हणाले. "खाडीत टाकलं."

का खोटं बोलले ते तेव्हा मला कळलं नाही. एवढं आठवतं की त्यांचा हात माझ्या पाठीवर क्षणभर थांबला आणि मग पुन्हा फिरू लागला.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बर्फाची पेटी सार्जंट रोकेंच्या टेबलावर ठेवली. झाकण उघडताच त्या खुर्चीसकट मागे सरकल्या.

"अगं ए! कालचाच का हा? बंद कर ते! आधी बोल, मग दाखव."

मी सगळं सांगितलं. बर्फ, छर्रा, फ्रीझर, किल्ल्या. त्या ऐकत राहिल्या. भिंतीवरचा पंखा करकरत होता.

"तुला कळतंय का नेरेइदा, तू स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतः उचलून आणलायस?"

"कळतंय."

"मग का आणलास?"

"माझी आई तिथे आहे."

त्यांनी कागद पुढे ओढला.

"बरं. गोठलेलंच जनावर कशाला? बांधावर ढिगाने ताजी पडलेली असतात. ठेवायचं तर ताजं ठेवावं, कुणाला संशयही आला नसता."

रात्रभर मीही त्याचाच विचार केला होता. "गोठलेला इग्वाना लाकडासारखा ताठ असतो, सार्जंट. पेटीत उभा करून वर टेकवला तर पट्ट्यांना न लागता उभा राहतो. मग ऊन लागतं. अर्ध्या-पाऊण तासात शेपूट लोंबते. दीड तासाने मान आणि खांदे सैल पडतात. तेव्हा तो वाकतो, पाणी गळायला लागतं आणि तो पट्ट्यांवर कोसळतो. पोटातला बर्फ मात्र आणखी दोन-तीन तास टिकतो. दर शुक्रवारी ट्रकची वाट बघताना मी हेच बघत असते."

सार्जंटांची लेखणी थांबली.

"म्हणजे लाइट तीन दहाला गेली, पण हात लागला होता..."

"दीडच्या सुमाराला. थोडं अलीकडे-पलीकडे."

त्या उठल्या. "चल. मला फ्रेदोशी आणि केइश्लाशी बोलायचंय. तू गाडीत बसून राहा. आणि ही पेटी मागे. मागे म्हणजे अगदी मागे."

फ्रेदोला त्यांनी गाडीजवळच गाठलं. मला काचेतून सगळं ऐकू येत होतं.

"मी बाराला पोन्सेला गेलो, पाण्याचा पंप आणायला," तो म्हणाला. "चारला परतलो. दुकानातल्या पोरांना विचारा, दोन तास त्यांचं डोकं खात होतो."

"जनरेटर का चालला नाही?"

"डिझेलचा कॉक बंद होता. मी कधीच बंद करत नाही. आईशपथ! तिला काय माहीत बिचारीला, ती दोरी ओढत बसली." त्याने केइश्लाकडे मान वळवली.

केइश्ला तेवीस वर्षांची. रात्रभर रडून तिचा आवाज बसला होता. जेवण एकला झालं, मग सगळ्यांना झोपवलं, दुपारभर घरात ती एकटीच. लाइट गेल्यावर आधी जनरेटरकडे धावली. तो चालेना. मग आजोबांच्या खोलीतल्या ऑक्सिजन सिलिंडरकडे.

"सिलिंडर उघडायचा पाना खिळ्याला टांगलेला असतो," ती म्हणाली. "तो नव्हताच तिथे. मी दातांनी फिरवायला गेले, सार्जंट. दातांनी! आजोबा माझ्याकडे बघत होते. हाताने खूण करत होते, राहू दे, राहू दे."

तिच्या खालच्या ओठावर सुकलेली जखम होती. सार्जंटांनी आपला रुमाल तिच्या हातात दिला.

४

गाडीत बसल्यावर त्यांनी काचा वर केल्या.

"केइश्ला नाही. घरात एकटी असलेल्या माणसाला बर्फाची गरज काय? बटण दाबलं की झालं. ज्याने हे दीड तास पुढे ढकललं, त्याला लाइट जाताना दुसरीकडे चार लोकांत दिसायचं होतं. फ्रेदोही नाही. बाराला ठेवलेला इग्वाना दीडलाच पडला असता. मग दीड वाजता इथे असलेलं आणि तीन दहाला नसलेलं माणूस कोण?"

"मिग्दालियाबाई. पावणेदोनला केस करायला गेल्या होत्या."

"आणि?"

मी काचेबाहेर पाहिलं.

"आणि तू," त्या शांतपणे म्हणाल्या. "काल दीडला तू सकाळची जनावरं शेडमध्ये ठेवायला आली होतीस. केइश्लाने पाहिलं. तीन दहाला तू हॉटेलात वीस पाहुण्यांसमोर होतीस. जनावर तुझं, छर्रा तुझा, फ्रीझर तुझा. किती वेळात काय वितळतं हेही तुलाच माहीत. खरं सांग, मी तुझ्या जागी दुसऱ्या कुणाला का धरू?"

दाराच्या कडीवर त्यांचा हात होता. मला वाटलं, आता बेड्या निघणार. मी डोळे मिटले आणि त्या जनावराला पुन्हा डोळ्यांसमोर आणलं. उचलताना ते कसं लागलं होतं, पोट कसं चिरलं होतं, हाताला काय काय लागलं होतं.

"ते सरळ होतं," मी म्हणाले.

"काय?"

"सार्जंट, माझ्या फ्रीझरमधला एकही इग्वाना सरळ नसतो! फ्रीझर इवलासा आहे. मी त्यांना रंगाच्या रिकाम्या बादल्यांमध्ये वेटोळं करून गोठवते, तसेच मावतात. वेटोळं गोठलेलं जनावर पेटीत उभं राहणारच नाही. पेटीतला सरळ होता, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत. तो गोठला दुसरीकडे. लांब फ्रीझरमध्ये. बादलीत घालायच्या आधीच कुणीतरी तो बांधावरून उचलला. सोमवारी माझ्या मोजणीत एक कमी भरला होता, मला वाटलं कुत्र्याने नेला."

आम्ही शेडमध्ये गेलो. मी एकेक बादली बाहेर काढली. सार्जंट दारात उभ्या राहून एक डोळा मिटून बघत होत्या. सगळी वेटोळी. शेवटची बादली बघून झाल्यावर त्यांनी मोठा श्वास सोडला.

"लांब फ्रीझर कुणाकडे आहे?"

"स्वयंपाकघरामागच्या कोठीत. मांस-मासळीचा. कुलूप असतं, म्हातारे आइस्क्रीम चोरतात म्हणून. किल्ली बाईंच्या गळ्यात."

"पण का? त्या म्हाताऱ्याने बाईंचं काय बिघडवलं होतं? कोर्टातला निवृत्त कारकून. दिवसभर खुर्चीत बसून काहीबाही लिहीत असायचा म्हणे."

लिहीत असायचा. मी उलट्या केलेल्या बादलीवर बसले.

"काय झालं?"

"पंधरा दिवसांपूर्वी आजोबांनी मला एक पाकीट दिलं होतं. जाडजूड. म्हणाले, स्वतः पोस्टात टाक, कुणाकडे देऊ नकोस. वर वृद्धाश्रमांना परवाना देणाऱ्या खात्याचा पत्ता होता. मी घाईत होते. मिग्दालियाबाई म्हणाल्या, मी पोस्टातच चाललेय, आण इकडे. मी दिलं. मीच त्यांच्या हातात दिलं."

५

मिग्दालियाबाईंनी आम्हाला कॉफी विचारली. सार्जंट नको म्हणाल्या. कोठी उघडा म्हटल्यावर बाईंनी गळ्यातली किल्ली काढली, अगदी सहज.

"बघा ना. रविवारची मासळी आहे. नेरे, तू का थरथरतेयस पोरी? बस इथे."

लांबलचक पांढरा फ्रीझर. झाकण वर झालं, थंड वाफ बाहेर आली. कोंबड्या, मासळी, वाटाण्याच्या पिशव्या. सार्जंटांनी एकेक वस्तू बाहेर काढली. तळ दिसला. काही नव्हतं. बाई दाराला टेकून उभ्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. ओट्यावरचं झुरळ बघावं तसं त्या बघत होत्या.

"तुझी आई आज जेवली नाही," त्या हळूच म्हणाल्या. "तुला माहितेय ना, हे घर बंद पडलं तर तिला कुणीही ठेवून घेणार नाही? तू दिवसभर बाहेर. ती अंथरुणात. विचार कर हं."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. आईला खांद्यावर टाकून, खाडीच्या बाजूने, कुठेही. पण पाय फ्रीझरकडे वळले. मी आत वाकले. आतल्या बाजूंना बोटभर जाडीचा बर्फ साचला होता. डावीकडे, तळाजवळ, त्या बर्फात काहीतरी हिरवट चिकटलेलं होतं.

"सार्जंट. बॅटरी द्या."

कातड्याची चार बोटं लांब पट्टी होती. बारीक खवले, आणि वरच्या कडेला पाठीवरचे तीन काटे. ओलं जनावर बर्फाला चिकटून गोठलं होतं आणि ओढून काढताना त्याची कातडी तिथेच राहिली होती. पेटीतल्या इग्वानाच्या कुशीवर एवढीच सोललेली जागा मी पाहिली होती. तेव्हा मला वाटलं होतं, जळाली असेल.

"बर्फाची पेटी आणा," सार्जंट म्हणाल्या. मग त्यांनीच जाऊन आणली. झाकण त्यांनी स्वतः उघडलं. त्यांच्या कपाळावर घाम डवरला होता, ओठ पुटपुटत होते, पण त्यांनी ते जनावर दोन्ही हातांनी धरलं आणि त्या पट्टीशेजारी नेलं. काट्याला काटा जुळला.

मग मिग्दालियाबाई खुर्चीत बसल्या आणि त्यांनी केस नीट केले.

"सात म्हातारे," त्या म्हणाल्या. "सात! आणि दोन हात. दुपारी दोन तास तरी ते गप्प पडायला नकोत? थेंब देते झोपेचे. जे ऐकत नाहीत त्यांचे हात बांधते. सगळीकडे हेच चालतं. आणि तो कारकून तारखा घालून लिहून ठेवत होता. कोण, किती वाजता, किती थेंब. मी त्याला समजावलं. म्हणाला, एक पाकीट अडवलंत, दुसरं लिहीन."

सार्जंटांनी बाईंची पर्स उलटी केली. फणी, जपमाळ, पावडर यांच्यामधून सिलिंडरचा पाना खाली फरशीवर पडला आणि खणकला. आमच्यामागून येऊन दारात उभी राहिलेली केइश्ला तो आवाज ऐकून मटकन खाली बसली.

मी मात्र एकाच शब्दाशी अडकले होते. थेंब. मी धावत आईच्या खोलीत गेले.

६

रेमान्सो बंद झालं. उरलेल्या सहा जणांपैकी तिघांची सोय वेगवेगळ्या गावांत लागली. दोघांना मुलं घेऊन गेली. आईला मी माझ्या दोन खोल्यांच्या घरी आणलं. सकाळी शेजारीण बघते, दुपारी केइश्ला येते. तिला मीच बोलावलं. हॉटेलाचं काम आता मी अर्धाच दिवस करते.

पहिले तीन दिवस आई झोपेतच होती. डॉक्टर म्हणाले, अंगातून उतरायला वेळ लागेल. मी तिच्या नाकापुढे बोट धरून बसायचे. रात्री दचकून उठायचे आणि पुन्हा बोट धरायचे.

चौथ्या दिवशी दुपारी मी तिला भाताची पेज भरवत होते. तिने डोळे उघडले. स्वच्छ, पूर्वीसारखे. तिने माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या मनगटाकडे. मनगटावर पिवळट पट्टा होता. तो मी इतके महिने म्हातारपणाचा डाग समजत होते.

"एलादिओ कुठाय?" तिने विचारलं.

मी सांगितलं. काही न लपवता, पाकिटासकट सगळं सांगितलं. ती ऐकत होती. अर्धांगवायूमुळे तिचं तोंड अजून एका बाजूला ओढलेलं होतं, शब्द अडखळत होते, पण ते समजत होते.

"मी तुला सांगत होते," ती म्हणाली. "रोज. हात बांधतात म्हणून. तू म्हणायचीस, हो आई, हो आई. आणि कपाळाचा मुका घेऊन जायचीस."

मला काही आठवेना. तिची बडबड आठवत होती, तिच्यातला एकही शब्द आठवत नव्हता. मी वाटी खाली ठेवली.

"आता सांग," मी म्हणाले. "सगळं सांग. मी कुठे जात नाही."

आईने चांगला हात पुढे केला, माझा हात घट्ट धरला आणि पहिल्या दिवसापासून सांगायला लागली.